बाप्पाच्या टबातले मासे

सोमवार. दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनानंतरची सकाळ. लालबागच्या घरी हजर: मी, मालवणी बोलणारी माझी आई आणि परळच्या आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारी एक मुलगी. ती माशांची अंडी न्यायला आली होती आणि अंड्यांची पिशवी रिकामी होती.

अंडी किलीफिशची. हा बोटभर मासा काही महिन्यांतच वयात येतो, म्हातारा होतो आणि मरतो, म्हणून म्हातारपण अभ्यासायला सोयीचा. त्याची अंडी ओलसर काथ्याच्या भुशात जपतात. सुट्टीत प्रयोगशाळेत वीजदुरुस्ती होती, म्हणून मी पिशवी घरी आणली. अंडी घालणारे मासे केव्हाच मेले होते. ही गेली तर मुलीचं काम पुन्हा पहिल्यापासून.

"आई, यातला भुसा कुठाय?"

"दूर्वा ताजी ऱ्हवाक त्यात खोचलंय. माझ्यासाठीच हाडलंस मा? मगे दूर्वांबरोबर टबात घातलंय."

आमच्या शाडूच्या मूर्तीचं विसर्जन घरीच, टबात होतं. मुलगी टबाजवळ जाऊन वाकली. मग हळूच म्हणाली, "ताई, पाण्यात ना? अंडी भिजवायची वेळ झालीच होती."

आफ्रिकेत हे मासे पावसाने भरलेल्या गढूळ डबक्यांत जन्मतात. आमचा टब याहून वेगळा काय होता? मी टॉर्च आणला. पापणीच्या केसाएवढं काहीतरी वळवळलं. शेजारी आणखी एक. मुलगी हसत सुटली, मग मलाही आवरेना.

जाळी नव्हती. आईने देवघरातली पळी दिली. एकेक पिल्लू पळीने उचलायचं, पंचपात्रात सोडायचं, तिथून डब्यात. आई वरून देखरेख करत होती.

"थयसर बघ, सोंडेखाली दडलो एक. ह्येंका नैवेद्य कसलो? मोदक?"

"कोळंबीची बारीक पिल्लं, आजी."

"माझ्या घरात नाय हां. बाप्पा अजून पुरो विरघळूक नाय. तुमच्या लॅबात न्हेवन घाला."

दुपारी डबा परळला पोचला. शाडूचं पाणी आम्ही दरवर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुळशीला घालतो. यंदा ते अजून टबातच आहे. मी तांब्या बुडवायला गेले की आई टॉर्च घेऊन येते, आणि तिला आणखी एक दिसतो.