आबांच्या रिव्हॉल्व्हरवरच्या सहा खुणा

गेल्या गुरुवारी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन रविवार कारंज्याजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात गेले होते. हो, बंदुकीच्याच! अंबडच्या कंपनीत दिवसभर व्हर्नियर घेऊन पार्ट्सची मापं काढणारी बाई मी... असल्या दुकानाची पायरी कधी चढेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं असं, की माझे आजोबा, आबा, गेले तेव्हा त्यांचं लायसनचं रिव्हॉल्व्हर या दुकानात जमा केलं होतं. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आता दुकानाचे म्हातारे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते दुकान बंद करतायत. त्यांचा फोन आला, की येऊन बघा आणि विकायचं, सरकारजमा करायचं की वारसाच्या नावावर करायचं ते ठरवा.

दादांचं आधीच ठरलेलं. "इकायचं नाय. माझ्या नावावर करायचं. जीव वाचवलाय त्यानं माझा."

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीये, की कधी कधी वाटतं मीही तिथे होते... निफाडकडची आमची द्राक्षबाग, कडाक्याची पहाट, बागेला थंडी लागू नये म्हणून पेटवलेल्या शेकोट्या, धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं. सहा वर्षांचे दादा बांधावर पोत्यात गुरफटून झोपलेले. शेजारच्या उसातून बिबट्या निघाला, थेट त्यांच्या समोर. आबा मधे उभे राहिले, धाडकन गोळी झाडली आणि बिबट्या पळाला.

आणि खरं सांगू? दादांकडे आबांचं म्हणावं असं एवढंच आहे. आबा भयंकर कडक होते म्हणे. कधी जवळ घेतलं नाही, कधी नावानं हाक मारली नाही. "पण गोळी झाडली ना माझ्यासाठी," असं म्हणत म्हणत दादा ऐंशीच्या घरात आले.

दुकानात तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. दुपारचं ऊन काचेतून तिरपं येत होतं आणि त्यात धूळ अगदी सावकाश तरंगत होती... चाचांनी फडक्यातून ते बाहेर काढलं. अगंबाई, केवढंसं ते! माझ्या तळहातावर मावलं असतं.

चाचांनी भिंग लावलं. "कंपनी का नाम नाही. पण गोळ्यांच्या चक्रावर हा अंडाकृती शिक्का बघा... बेल्जियमचा माल. शंभर वर्षांच्या वरचा." मग गोळीवर ठोका मारणारा घोडा दाखवला. त्याचं तोंड छिन्नीसारखं चपटं. हल्लीच्या गोळीला बहुतेक मधोमध ठोका बसतो, याच्या गोळीला काठावर. रिमफायर म्हणतात याला.

माझ्या पर्समध्ये व्हर्नियर असतोच (हसू नका!). चक्राला गोळ्यांची सहा घरं, त्यातल्या एकाचं माप चाचांनी मलाच घेऊ दिलं. एका जाडजूड पुस्तकात ते जुळवून बघितलं आणि मान हलवली. "या मापाची गोळी केव्हाच बंद झाली. बनवणाऱ्याचं नाव नाही, शौकीन लोकही घेत नाहीत. किंमत म्हणाल तर लोखंडाची."

"किमतीचं सोडा हो," दादा म्हणाले. "बिबट्यावर झाडलंय ते."

चाचांनी परत भिंग लावलं, मला हळूच जवळ बोलावून दाखवलं. सहाही घरं आतून गुळगुळीत, नवी कोरी. दारू जळाली की लोखंड आतून खाल्लं जातं, खड्डे पडतात, इथे काहीच नव्हतं. सोबत जमा केलेल्या आबांच्या लायसनमधलं काडतुसांच्या खरेदीचं पानही कोरं. या रिव्हॉल्व्हरमधून कधी गोळी सुटलीच नव्हती.

आता दादांना काय सांगू? मी घाईघाईनं म्हटलं, "दादा, सही करा, निघू आपण." पण त्यांनी चाचांचा चेहरा वाचला होता. "बोला चाचा. मी काय ल्हान पोर नाय."

चाचांनी सगळं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "पण भाऊ, एक बात और आहे. सहाही घरांच्या काठावर ठोक्याची खूण आहे. आत गोळी नसली की घोडा थेट काठावर आपटतो. प्रत्येक घरावर एकेकच खूण... रिकामं रिव्हॉल्व्हर कुणीतरी सहा वेळा ओढलंय. कोणी, कधी, ते मी नाही सांगू शकत."

दादांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं... म्हाताऱ्या माणसाची एकुलती एक गोष्ट आपण हिरावून घेतली. स्वतःचाच इतका राग आला मला.

मग डोळे मिटूनच ते म्हणाले, "टक... टक... असाच आवाज होता गं. ते धाडकन लोकांनी घातलं. मंग मलाबी तसंच आठवाया लागलं."

आणि मग, "गोळी नाय हे ठाऊक होतं त्याला. ठाऊक असून सहा बार ओढलं, पण बिबट्या फिरेपत्तूर हालला नाय माझा बाप. माझ्यासाठी." एवढं बोलून दादा रडायला लागले. मीही रडले. चाचांनी उगाच काचेचं कपाट पुसायला घेतलं.

निघताना दादांनीच सांगितलं, "सरकारजमा करा. आता मला ते नाय लागत." चाचांनी कागदावर किमतीच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि दादांनी सही केली.

आबांना मी कधी पाहिलं नाही. कडक माणूस म्हणून मनातून थोडी रागावलेलीच होते त्यांच्यावर. पण गुरुवारपासून डोळे मिटले की धुकं दिसतं, शेकोटीचा धूर दिसतो आणि त्यात पाठमोरा उभा असलेला एक माणूस...

थँक्यू आबा. त्या पहाटे तुम्ही एक पाऊल जरी मागे सरला असतात, तर आज हे लिहायला मी नसते.