चार भाकरींचं जळगाव

जळगावहून धुळ्याला यायला विमानाला किती वेळ लागतो, हे तानुबाईइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, वैमानिकालासुद्धा नाही. चार भाकरी. पाचवी थापायला घ्यावी, तर आभाळात घरघर सुरू.

ही गोष्ट १९५५-५६ सालची. धुळ्याबाहेरच्या एका जिनिंगवाल्या शेठनं हौसेनं लहानसं विमान घेतलं होतं. जिनमागच्या माळावर ते उतरे, आणि तानुबाईचा नवरा उखर्डू त्या माळाचा राखणदार होता. जळगावचा ट्रंक कॉल लागल्याशिवाय विमान तिकडून हलत नसे. कॉल आला की मुनीम कुंपणावरून ओरडे, "निघालं रे!" मग उखर्डू माळावरची गुरं हाके आणि वारा कुठला ते वरून दिसावं म्हणून ओल्या काडीकचऱ्याचा धूर करी. तानुबाई माळाकडेच्या खोपीत चुलीवर तवा ठेवी.

लेक बेबा जळगावला दिली, तीही तिकडच्या विमानाच्या माळाला लागून असलेल्या मळ्यात. पाठवणीच्या वेळी मायलेकी एकमेकींना सोडेनात, तेव्हा उखर्डू म्हणाला, "रडू नका वं. जयगाव काय दूर शे? चार भाकरीस्वर तं शे."

बिचाऱ्यानं समजूत घातली, पण तानुबाईनं ती जशीच्या तशी गाठीशी बांधली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्यांच्या लेकी माहेरी आल्या, झोके खेळल्या. बेबा आली नाही, तिच्या सासूला बरं नव्हतं. दुसऱ्या आखाजीला पोर तान्हं, ऊन फार, असं जावई लीलाधरनं पत्र टाकलं. तानुबाईला काही ते पटेना. शेठ सकाळी जळगावला जातो नि दुपारी जेवायला घरी येतो, आणि पोटच्या पोरीला चार भाकरींवरून येववत नाही? लेक बदलली, असंच तिच्या मनानं घेतलं. तेव्हापासून विमान डोक्यावरून गेलं तरी ती मान वर करीना. भाकरी मात्र मोजायची.

शेवटी कंटाळून उखर्डू म्हणाला, "मंग तूच जाई ये."

"जास. चांगली झाडस तिले," ती म्हणाली.

आगगाडी विमानापेक्षा धिमी, हे का तिला कळत नव्हतं? तिनं सरळ दुप्पट वेळ धरला, आठ भाकरींचा. म्हणून तव्यावरच्या चार भाकरी तिनं तशाच गरम फडक्यात बांधल्या. निवायच्या आत लेकीच्या ताटात पडतील, या हिशेबानं. चाळीसगावला गाडी बदलायची होती. फलाटावर बसून बसून पायांना मुंग्या आल्या. पुढची गाडी आली ती खच्चून भरलेली. जळगाव आलं तेव्हा ऊन कललं होतं, आणि तिथून पुढं बैलगाडी. मांडीवरच्या भाकरी कधीच वाळून कडक झाल्या होत्या. तिचा रागही वाटेत स्टेशनागणिक उतरत गेला. एवढी वाट, अंगावर पितं पोर घेऊन, कशी येईल ती?

बेबा खळ्यातून धावत आली. झाडायचं ते राहूनच गेलं. "बेटा, तू इतली दूर शेस, माले माहीत नव्हतं," एवढंच तानुबाई बोलली. बेबानं त्या वाळक्या भाकरी दुधात कुस्करून एकटीनं खाल्ल्या, कुणाला घास दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत दोघी चुलीशी बसल्या असताना पलीकडच्या माळावर घरघर झाली. बेबानं लगबगीनं तवा ठेवला.

"इमान उठनं का मी तवा ठेवस, माय," ती पीठ मळता मळता म्हणाली. "दर खेपेले. चौथी भाकर उतरनी का समजस, आते ते तुले दिसनं. तितलंच मनं माहेर."

आखाजीपासून आपण एकदाही वर पाहिलं नाही, हे तानुबाईला लेकीला सांगवेना. तीन भाकरी झाल्यावर परात तिनं स्वतःकडे ओढली, चौथी थापली, भाजली, उतरवली.

"आते तुना आबा धूर करीसन एकलाच वर दखत व्हई," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.