धडगावच्या घाटातली भेग

मी पुण्यात भूशास्त्र शिकत होते. सुट्टीत गावी आले आणि धरणीकंप झाला. धडगावच्या घाटात दरड कोसळली.

मी ती पाहायला निघाले, तर काका दारात आडवे आले. "पोरी दगडं फोडाले लागन्यात, म्हनीसन धरती हालनी!"

"मन्हा जलमना पहिले बी हालेच ना, काका?" म्हणत मी मागच्या दाराने निघाले.

घाटात दरडीच्या वर नवी भेग पडली होती. खालच्या पाड्यावरच्या बायकांची पावरी बोली मला येत नव्हती. मी त्यांना वर नेलं आणि भेगेत कोपरापर्यंत हात घातला. हा उतार सुटणार, हे त्यांना कळलं. सगळा पाडा गुरांसकट पलीकडच्या टेकडीवर गेला.

वळवाच्या पावसात तो उतार रिकाम्या झोपड्यांवर आला. माणूस एकही दगावलं नाही.

तरी काका म्हणाले, "आते कॉलेज बंद."

सुट्टी संपताच मी पुण्याला परतायला आगगाडीत बसले.