गुरुवारपासूनचा आठवडा

माझी वही कुणी पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला: आठवडा गुरुवारी का सुरू होतो? आणि दुसरं वाक्यही ठरलेलं: "काय हो बाई तुमची शिस्त!" शिस्त कसली डोंबलाची. हट्ट आहे तो. साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतला, आणि अजून उतरलेला नाही.

माझं माहेर रहिमतपूरचं. सहावी झाली आणि लग्न करून मी तासगावच्या बाजूच्या एका खेड्यात आले. नवरा कोयनानगरला धरणाच्या कामावर. घरात मी आणि सासूबाई. सातवीची फायनल पास झाली तर मास्तरीण होण्याची वाट उघडत होती. नवऱ्यानं परीक्षेचा फॉर्म बाहेरून भरला आणि सुट्टीवर येताना कामावरची एक बाद झालेली हजेरीची वही आणली. "हिच्यात तुझीच हजेरी घे," म्हणाला आणि परत गेला.

आमच्या घरानं बौद्ध धर्म घेऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. गावकीची कामं सुटली, मेलेली ढोरं ओढणं सुटलं. पण रस्त्यावरून हाक आली की हातातलं टाकून उठायचं, ही सवय काही सुटली नव्हती. कोण कधी हाक मारील याचा नेम नाही, मग दिवस आपला कसला? मला अभ्यासाला आठवड्यातले तीन दिवस तरी हवे होते, आणि ते कुणाकडे मागायचे हेच कळत नव्हतं. म्हणून मी ते आधी वहीत लिहून टाकले.

पहिले सहा आठवडे माझी फजिती झाली. शाळेत फळ्यावर आठवडा सोमवारी सुरू व्हायचा, म्हणून मीही सोमवार वर लिहून खाली सात ओळी मारायची. सोमवार-मंगळवार झकास जायचे. गुरुवारी गावचा बाजार. बुधवारपासूनच सगळ्या गावाची घाई, गुरुवारी बाजारहाट आणि पाहुणे, शुक्रवारी दळण आणि धुणं. माझा आठवडा बरोबर कमरेत मोडायचा आणि रविवारपर्यंत नुसतं "राहिलं, राहिलं" लिहिलेलं. आपलं डोकंच कमी, असं मला वाटायला लागलं होतं. मग एकदा लक्षात आलं की अख्खं गाव बोलतंय कसं? "मागल्या बाजारी भेटला," "ह्या बाजारी देतो." इथं सोमवारला विचारतो कोण! त्या दिवसापासून बाजारातून आले की पिशवी खाली ठेवायची आणि वही उघडायची.

घरात घड्याळ नव्हतं. दिवसाचे तीन भाग मी एसटीवर पाडले: सकाळच्या गाडीआधी, दोन गाड्यांच्या मध्ये आणि संध्याकाळच्या गाडीनंतर. एका भागात एकच काम. राहिलेलं काम पुढच्या आठवड्यात एकदाच न्यायचं. दुसऱ्यांदा न्यावं लागलं तर ते काम आपलं नाही, किंवा आपण त्याला घाबरतोय. गणित माझं दुसऱ्या प्रकारातलं, घाबरण्याचं. इतकीच माझी विद्या आहे, आणि कुणी तिचं कौतुक केलं की मला हसू येतं.

त्या वर्षी हळद काढायला आली आणि गावातला बागाईतदार सायकलवरून आमच्या वस्तीच्या कडेला आला. खाली न उतरता ओरडला, "उद्यापास्नं हळदीला या गं समद्या!" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाई "व्हय जी" म्हणून उभ्या. मी वही घेऊनच बाहेर आले.

"आवं दादा, मी शुक्कर, शनवार, ऐतवार येते. सोमवार ते बुधवार न्हाई जमनार. परीक्षेचा अब्यास हाय."

तो हसला. "वहीत बघून कामाला येनार व्हय तू? माझी हळद थांबंल?"

"हळद थांबत न्हाई, तशी परीक्षा बी थांबत न्हाई."

त्याचं हसू गेलं. "मंग तू येऊच नगंस. आन तुझी सासू बी नगं."

सायकल वळली. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या वहीनं माझ्या पोटावर पाय आनला." मग आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी घाबरले होते, उगाच शूर होते असं सांगणार नाही. नवऱ्याच्या पैशावर कसंबसं भागत होतं, बागाईतदाराच्या भिडेनं दुसऱ्यांनीही आम्हाला कामाला बोलावणं बंद केलं होतं. वहीतले ते तीन दिवस खोडले असते आणि त्याच्याकडे गेले असते, तर सगळं मिटलं असतं. नाही खोडले. सोमवारी वही उघडून गणित सोडवत बसले, रडत रडत सोडवलं, आणि चुकलं.

सासूबाईंना दिवसाढवळ्या घरात बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रस्त्यावरून कुणी कुणालाही हाक मारली तरी त्या उठून उभ्या राहायच्या. हाक दुसऱ्याला आहे हे कळलं की पुन्हा बसायच्या. मला ते बघवत नसे. पंधरा दिवसांनी एकदा हाक आली आणि त्या तांदूळ निवडत राहिल्या.

मी परीक्षेला बसले आणि पास झाले, गणितात काठावर. पण जे सांगायचं आहे ते परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातलं. बागाईतदार परत आला. माणसं कमी पडली होती, निम्मी हळद अजून जमिनीत होती. या वेळी सायकलवरून उतरला, दाराशी आला. "उद्या या गं दोघी बी," म्हणाला.

सासूबाई उंबऱ्याशी बसूनच होत्या. "बघून सांगते," म्हणाल्या.

तो सायकल घेऊन गेला. सासूबाई आत आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"त्या वहीत माझा बी एक दिस घाल."

"घालते की, आत्याबाई. काम काय लिवू?"

"काम न्हाई." त्यांनी वहीवर हात ठेवला. "नुसता माझा म्हनून लिव. त्या दिशी कुनी बी हाक मारू दे. मी घरातच असंन, पर उठनार न्हाई."