तोंड उघडा

माणसाचा चेहरा सोडून फक्त त्याची कातडी पाहणारा माणूस साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा! साडू त्वचेचे डॉक्टर. लोक भेटल्यावर "कसं काय?" म्हणतात, हे म्हणायचे, "नवीन गोळी कोणती सुरू केली?" घेतलेलं औषधच कधी अंगावर उलटतं, कातडी सोलून काढतं, प्रसंगी जीव घेतं, त्यांचा सारा अभ्यास या एका गोष्टीवर. कुरखेड्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या गालावर लाल ठिपका दिसला, तर मंगलाष्टकं थांबवून यांनी त्याला "तोंड उघडा" म्हणून फर्मावलं. ठिपका कुंकवाचा निघाला. "खराब पुरळ आधी तोंडात अन् डोळ्यात दिसते," हे मात्र ते भटजींना समजावूनच खाली उतरले. त्यांच्या फोनमध्ये नातवंडं नसायची, परक्यांच्या पाठी असायच्या, आणि त्या ते पंगतीत बुंदी वाढली जात असताना दाखवायचे. त्यांची गाडी फाटकाशी थांबली की आमच्या घरचे बाह्या खाली ओढायचे. मी तर एकदा घामोळ्यांपायी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलो होतो.

आमच्या लेकीला, शालूला, झटके यायचे, म्हणून नवी गोळी सुरू झाली होती. काही आठवड्यांनी ताप चढला, डोळे लाल झाले, अंगभर पुरळ उठलं. बायकोनं पाहताक्षणी ठरवलं, माता आली. दाराला कडुनिंबाचा पाला लागला, घरातली फोडणी बंद झाली. पोरीला पाणीसुद्धा गिळवेना, तेव्हा घाबरून मी साडूंना फोन केला. ते आले, तर बायको दारातच आडवी.

"भाऊजी, माता हाय घरात. औषधपाणी चालत नाई."

आता जुंपणार, असं मला वाटलं. साडूंनी बूट काढले, पाल्याला हात जोडले आणि आत जाऊन म्हणाले, "शालू, तोंड उघड." ओठांच्या आतलं सारं सोललं होतं. त्यांचा चेहरा पडला.

"औषध चालत नाई, मंग हे झटक्याची गोळी काऊन देऊन राह्यली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ते तं रोजची हाय, भाऊजी."

"माता असली का रोजची बी बंद. अन् मातेले मी माह्याकडे पाहुणी नेतो. पाला घे संगं."

बायकोनं दारावरचा पाला सोडला. गाडीच्या मागच्या सीटवर चादर अंथरली, उशाशी पाला ठेवला, आणि माता दवाखान्यात निघाली.

भाजलेल्या माणसासारखं जपावं लागलं, पण शालू वाचली. झटक्यांवर दुसरं औषध मिळालं. ती गोळी जन्मभर बंद. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी साडूंचे हात धरले, तर त्यांनी ते सोडवून घेतले. "आधी एका घरी असाच पाला होता," ते म्हणाले. "मी भांडलो. अडाणी म्हटलं त्यायले. त्यायनं दार लावून घेतलं. पोरगी गेली."

साडू आता निवृत्त झालेत, नजरही अधू झाली आहे. परवा शालूच्या लग्नात ते खुर्चीत गप्प बसून होते, कोणाला काही विचारत नव्हते. मला ते बघवेना. मुंडावळ्या सावरत शालू त्यांच्यापुढे वाकली आणि तिनं आपणहून तोंड उघडलं.

"पाहा ना, मावसाजी."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "दिसत नाई व पोरी आता," म्हणाले, आणि बोटांनीच तिचा गाल चाचपून पाहू लागले.