डाव्या दाराचा पोचा

आयुष्यात मी एकच भांडण जिंकलो आहे, आणि ते मला माफी मागून परत करावं लागलं.

भांडण गाडीवरून होतं. गाडी आमच्या भावोजींची, म्हणजे पुण्यात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती ही पांढरी गाडी. दर रविवारी ते तिला अंघोळ घालत (स्वतःची त्या दिवशी राहिली तरी चालेल!) आणि मऊ फडक्याने पुसत. गेल्या वर्षी एका सकाळी छातीत कळ येऊन भावोजी गेले. चार महिन्यांनी अक्काचा फोन आला.

"गाडी अंगणात नुसती उभी आहे रे. परक्याला विकवत नाही. आपल्या पल्लवीला देते. तिला ते फार मानायचे."

पल्लवी माझी मुलगी. इथे म्हैसूरलाच, हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरी करते. तिला सुट्टी मिळेना, म्हणून गाडी ट्रेलरवर चढवून म्हैसूरला आणायचं ठरलं.

हेब्बाळच्या यार्डात गाडी उतरवली तेव्हा आम्ही तिघंही हजर होतो. बायकोने हार आणला होता. तो घालायला ती पुढे झाली आणि तिथेच थबकली. उजव्या बाजूचा आरसा लोंबकळत होता आणि डाव्या मागच्या दाराला चांगला लांबलचक पोचा होता.

"अय्यो! हे काय हो?"

देवराज मोहल्ल्यात आमचं तीन पिढ्यांचं शिलाईचं दुकान. रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या माणसाची उसवलेली शिवण मला इकडून दिसते. मी खिशातली टेप काढून पोचा मोजला. साडेनऊ इंच!

ट्रेलरचा ड्रायव्हर रुद्रेश, हुणसूरकडचा. पन्नाशीचा, शांत माणूस. हात जोडून म्हणाला, "सार, आरसा माकडाने मोडला. घाटात जेवायला थांबलो होतो, तेव्हा येऊन लोंबकळलं. पण हे दार पुण्यातच असं होतं. देवराणे, देवाशपथ!"

माकडाचं मला लगेच पटलं. चामुंडी टेकडीवर एका माकडाने माझा चष्मा नेला होता. पण दार? भावोजींच्या गाडीला पोचा? "खोटं!" मी ओरडलो. "या गाडीवर माशी बसली तरी आमचे भावोजी तिला फडक्याने उठवायचे!"

यार्डाचे मॅनेजर मंजुनाथ यांनी पुण्यात गाडी ताब्यात घेताना भरलेला फॉर्म पुढे केला. त्यावर गाडीचं चित्र, चित्रातल्या डाव्या दारावर फुली, आणि खाली अक्काची सही.

"ही फुली नंतर मारली आहे," मी म्हणालो. "शाई वेगळी दिसते."

"सार, शाई एकच आहे."

"मला रंगाची छटा शिकवू नका. तीस वर्षं मी काळ्या कापडाला काळा दोरा जुळवतोय!"

पल्लवी हळूच म्हणाली, "अप्पा, आत्याला एकदा विचारू या का?"

"खबरदार! माणूस जाऊन सहा महिने झाले नाहीत तिचं, आणि तिला सांगायचं की गाडी अशी मोडून आली? तिला यातलं अक्षर कळता कामा नये!"

सगळ्यांना हे पटलं. ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं, त्याला सोडून आम्ही बाकी सगळ्यांना विचारत सुटलो. ओळखीच्या गॅरेजवाल्याने पोच्यावरून बोट फिरवून सांगितलं की हा ट्रेलरच्या साखळीचाच. (तो आमचं गिऱ्हाईक. मी म्हणालो असतो की हत्तीचा, तर त्याला हत्तीचा वाटला असता.) शेजारच्या वकिलांनी नोटीस लिहून दिली. मी दर दोन दिवसांनी दुकान बंद करून यार्डात जायचो, आणि रुद्रेश दिसला की गाडी कशी जपायची असते यावर भाषण द्यायचो. तो मान खाली घालून ऐकायचा आणि शेवटी तेवढंच म्हणायचा, "दार पुण्यातच तसं होतं, सार."

दीड महिन्याने ट्रेलरची कंपनी दमली. मंजुनाथांचा फोन आला. "आरसा नवा, दारही नवं देतो, सार. सोमवारी गाडी गॅरेजला पाठवा. ड्रायव्हरला कामावरून काढलंय. आता तरी समाधान?"

समाधान! मी तर पेढे वाटले.

शनिवारी अक्का आली. म्हणाली, उरकलं सगळं तिकडचं, चार दिवस राहायला आले. पाय धुवायच्या आधी ती गाडीकडे गेली. मी आडवा झालो. "अक्का, आधी कॉफी घे ना."

तिने मला बाजूला सारलं, गाडीला वळसा घातला आणि डाव्या दारापाशी खाली बसली. मग त्या पोच्यावर तळवा ठेवला.

"आहे रे अजून. मला वाटलं, तुम्ही बुजवला असेल."

"तुला हा माहीत होता?" मी विचारलं.

"त्या दिवशी कळ आली तर म्हणाले, रिक्षा कशाला, मीच चालवतो. फाटकातून काढताना हात थरथरला आणि दार खांबाला घासलं. तर छाती धरून खाली उतरले बघ! हॉस्पिटलला जायचं सोडून दाराकडे बघत उभे. मी ओरडतेय, अहो बसा, बसा. तर म्हणतात, 'अरेरे, सोमवारी गॅरेजला टाकतो हिला.' शेजाऱ्यांनी मागे बसवलं तेव्हासुद्धा मला म्हणाले, 'दार हळू लाव.' त्यानंतर बोललेच नाहीत."

ती रडली नाही. बायको रडली. पल्लवीने अक्काच्या शेजारी बसून तिच्या हातावर हात ठेवला. मी उभाच राहिलो. या भांडणातला खोटा माणूस कोण, ते मला कळलं होतं.

सोमवारी मी गॅरेजऐवजी यार्डात गेलो.

"मंजुनाथ सार, ते दार नको. तो पोचा तुमचा नाही."

त्यांनी चष्मा काढला. "दीड महिना तुम्ही म्हणालात, आमचा. आम्ही म्हणालो, तुमचा. मग आम्ही म्हणालो, बरं बाबा, आमचा. आता तुम्ही म्हणता, आमचा नाही. मी हेड ऑफिसला काय लिहू?"

"लिहा, भावोजींचा आहे. आणि मी शाईबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं. रुद्रेशला परत घ्या."

मी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं. शेवटी मला सही करायला लावली, आणि जुन्या फॉर्मवरची फुली आणि अक्काची सही एकाच शाईची आहे ना, ते मलाच बघायला लावलं. बघितलं.

तिथून हुणसूरची बस पकडली. रुद्रेश भावाच्या शेताच्या कडेला तंबाखूची पानं काठीला बांधत बसला होता. मला बघून उठला. बहुतेक त्याला वाटलं, आणखी एक पोचा सापडला.

"रुद्रेश, तू खरं बोलत होतास. मी खोटा. उद्यापासून कामावर ये, मॅनेजरना सांगून आलोय." अक्काची हकीकत सांगितली. त्याने हातातली काठी खाली ठेवली.

"सार, मीपण एक खोटं बोललो. माकड नव्हतं. साखळी आवळताना पहार निसटली आणि आरशाला लागली. नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

म्हणजे त्याची थाप मी त्याच क्षणी मानली होती, आणि तो देवाची शपथ घेऊन खरं सांगत होता तेव्हा वकील केला होता! आम्ही दोघंही एकदमच हसलो. पण त्या हसण्यात मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. कामाविना त्याने काढलेले ते दिवस मी कुठल्या टेपने मोजणार होतो?

त्याच्या बायकोने कॉफी आणली. रुद्रेशने रस्त्याकडे मान लांबवून पाहिलं.

"सार, गाडी कुठे लावलीत?"

"बसने आलो."

"जिच्यासाठी एवढं भांडलात ती गाडी सोडून बसने?"

"ती पल्लवी चालवते. मला येत नाही."

"म्हणजे ही गाडी?"

"कुठलीच. शिकलोच नाही कधी."

त्याने पेला खाली ठेवला. मग आत गेलेल्या बायकोला हाक मारून म्हणाला, "अगे, इवरिगे ड्रायविंगे बरल्वंते!" यांना गाडी चालवताच येत नाही म्हणे! आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसू.

परतीच्या बसला ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा मिळाली. हुणसूर ते म्हैसूर त्याने कितीतरी वेळा करकचून ब्रेक लावले. मी एक शब्द बोललो नाही.