ताटलीच्या पाठीवरची विद्या

माझं लग्न मोडायची वेळ आली, ती मला इंग्रजी वाचता येत होतं म्हणून.

माझा थोरला भाऊ मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बटलरच्या हाताखाली होता. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं चिनी मातीच्या जुन्या ताटल्या दादाला देऊन टाकल्या. दासगावच्या बंदरात उतरून, गवतात गुंडाळलेलं ते ओझं डोक्यावर घेऊन दादा नाते गावी घरी आला आणि आल्या आल्या त्यानं मला दीक्षा दिली.

"ताटली पुढून बघायची नाय रे. उलटी करायची! खाली कारखान्याचा छाप असतो. मुकुट दिसला म्हंजे माल भारी!"

महाडच्या शाळेत चार इंग्रजी बुकं शिकलेला मी! त्या दिवसापासून घरात एकही भांडं सुलटं राहिलं नाही. (माठसुद्धा उलटून पाहिला. त्यात पाणी होतं.)

अशात पोलादपूरकडचे पाहुणे मुलगा बघायला आले. मुलीला मी जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. आईनं पाहुण्यांसाठी सकाळपासून पत्रावळी लावल्या होत्या. मी त्या बाजूला सारून ताटल्या मांडल्या. आईचा तेव्हाचा उतरलेला चेहरा आठवला की आजही वाईट वाटतं.

मुलीच्या वडिलांनी दोन घास खाल्ले आणि कौतुकानं विचारलं, "पावणं, ही भांडी कुठली म्हनायची?"

झालं! मी माझी ताटली डोक्यावर धरून खालचा छाप वाचू लागलो. वरण कोपरापर्यंत आलं, पण विद्या थांबली नाही.

"हा मुकुट! हे विलायतेतलं गाव! आणि हे लिहिलंय... बोन! म्हणजे हाड! हाडांची राख घालून केलेली चिनी माती!"

पाहुण्यांचा घास हातातच राहिला.

"हाडं? आज माजा सोमवार हाय! कुनाची हाडं?"

"ते लिहिलेलं नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

पाहुणे ताडकन उठून चुळा भरायला अंगणात गेले. दादानं कपाळावर हात मारला. "आरं, वाचलंस ते वाचलंस, सांगितलंस कशाला?" माझ्या डोळ्यांपुढून ती मुलगी कशेडी घाटाच्या पलीकडे कुणाच्या तरी घरी नांदायला निघालीसुद्धा! तेवढ्यात आई पत्रावळी घेऊन बाहेर आली. "पावण्यानू, बसा. ही पानं मी सोता लावलीत. पाठीवर कायबी लिवलेलं नाय!"

पाहुणे हसले, बसले आणि पोटभर जेवले. पुढच्या महिन्यात लग्न लागलं. माझ्या खरेपणावर ते भाळले, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना छाती फुगवून सांगत असे. एकदा बायकोनं ते ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी माझे बाबा घरी येऊन माझ्या आईला म्हणाले, 'पोरगी सुखात राहील गो. बायकोपासून काय लपवायची अक्कलच नाय त्याला.'"




मला उलटं न करताच त्यांनी माझा छाप वाचला होता!